परसातलं स्त्रीधन

शेतकऱ्याच्या मोठ्या घरात कुठली वस्तू कुणाची, असं विचारत गेलं की बहुतेक उत्तरं पुरुषांच्या नावाशी येऊन थांबतात. सातबारा आजोबांच्या नावावर, डेअरीचं पासबुक थोरल्या काकांच्या, सोसायटीचं कर्ज वडिलांच्या. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशभरातल्या वहितीदारांमध्ये बायका जेमतेम १४ टक्के निघाल्या. मात्र त्याच घराच्या मागच्या दारी उभं राहून उकिरडा उकरणाऱ्या कोंबड्यांकडे बोट करा आणि विचारा, ह्या कुणाच्या? उत्तर तिथल्या तिथे मिळतं. तांबडी आणि तिची पिल्लं थोरल्या काकींची. उघड्या मानेची आजीची. पायात हिरवी चिंधी बांधलेली तलंग धाकट्या सुनेची, संक्रांतीला माहेराहून आणलेली.

इरावती कर्वे यांनी भारतीय नातेव्यवस्थेवरच्या आपल्या १९५३ च्या ग्रंथात एकत्र कुटुंब म्हणजे काय हे सांगताना एक छप्पर, एक चूल आणि सामाईक मालमत्ता ह्या गोष्टी पुढे ठेवल्या. पाटण तालुक्यातलं आमचं आजोळ ह्या व्याख्येत नेमकं बसायचं. वीस-बावीस माणसं, एक चूल, एक खळं, धान्याची एकच कणगी. त्या सगळ्या सामाईकपणात बायकांना आपलं म्हणता येईल असं चालतं-फिरतं धन एकच होतं आणि ते रात्री खुराड्यात बसायचं. ऊस, दूध आणि सहकार ह्यांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलं. परसातल्या कोंबडीवर क्वचितच काही वाचायला मिळतं. ती बायकांची होती म्हणूनच ती हिशोबात धरली गेली नाही, असं माझं मत आहे.

अशा घराचा दिवस कोंबड्याच्या आरवण्यानं सुरू होतो. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, ही म्हण आपण माणसांच्या संदर्भात वापरतो. पण झाकलेलं कोंबडं स्वतः काय करतं, हे जपानमधल्या नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासलं. त्यांनी कोंबडे दिवसरात्र सारख्याच मंद उजेडात ठेवले. उजाडल्याची कुठलीही खूण नसताना ते आपल्या वेळेला आरवत राहिले. शरीरातलं घड्याळ त्यांना उठवतं, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामातून सिद्ध झालं. त्याच संशोधकांनी पुढे २०१५ मध्ये दाखवलं की आरवण्यालाही क्रम असतो. कळपातला सर्वांत वरचढ कोंबडा आधी आरवतो, मग त्याच्या खालचा, मग त्याच्याही खालचा. कोंबड्यांमधली ही उतरंड नॉर्वेच्या थॉर्लिफ शेल्डेरूप-एब्बे यांनी शंभर वर्षांपूर्वीच नोंदवून ठेवली होती. कोण कुणाला टोचतं आणि कोण कुणापुढे दाण्यावरून बाजूला होतं, हे ते लहानपणापासून टिपून ठेवत. मोठ्या घरात नांदलेल्या कुठल्याही बाईला ही उतरंड समजावून सांगावी लागत नाही.

खुराड्याची फळी काढायच्या आधी एक काम असे. आजी खुराड्याच्या तोंडाशी उकिडवी बसायची, एकेक कोंबडी बाहेर ओढून काखेत धरायची आणि शेपटाखाली बोटानं चाचपायची. अंडं हाताला लागलं की ती कोंबडी डालग्याखाली, नाही लागलं की अंगणात मोकळी. हे सगळं बोलता बोलता चाले. दुसऱ्या हातानं ती चुलीकडच्या सुनेला सूचनाही देत असे. चाचपल्याशिवाय सोडली तर कोंबडी हमखास शेजारच्यांच्या गंजीत जाऊन अंडं घालून येते आणि मग दोन घरांत बोलाचाली होते. गावातल्या कितीतरी भांडणांचं मूळ अशा एका अंड्यात सापडेल.

मोकळ्या सोडलेल्या कोंबड्यांना मूठभर कणी नाहीतर चुरी मिळे, बाकीचं त्यांनी शोधायचं. श्रीलंकेत १९९० च्या दशकात गावठी कोंबड्यांच्या अन्नपिशव्या तपासून त्या नेमकं काय खातात हे पाहिलं गेलं. गवताचे कोंब, किडे आणि भाताचे दाणे होते, पण जवळपास तीन चतुर्थांश भाग घरातल्या खरकट्याचा होता. त्या अभ्यासकांनी काढलेला निष्कर्ष फार मोलाचा आहे: एका घराला किती कोंबड्या पोसता येतील, हे त्या घरातून किती उष्टं-खरकटं बाहेर पडतं ह्यावर ठरतं. वीस माणसांच्या ताटांतलं उरलेलं, भांड्यांची खरवड, तांदूळ धुतलेलं पाणी, निवडताना पडलेलं धान्य, खळ्यावरची सांडलवंड, शिवाय गोठ्यामागच्या शेणातले किडे. मोठ्या कुटुंबाला कोंबड्या परवडतात त्या ह्यामुळे. चार माणसांच्या घरात दहा कोंबड्या सोडल्या तर त्यांना विकतचं खाद्य लागतं, आणि विकतचं खाद्य आलं की गावठी अंड्याचं गणित बिघडतं.

माणसं जास्त म्हणजे राखणीला डोळेही जास्त. घार दिसल्यावर कोंबडा काढतो तो आवाज वेगळा आणि मुंगूस किंवा कुत्रं आलं की काढतो तो वेगळा. ऑस्ट्रेलियातल्या मॅक्वारी विद्यापीठात ख्रिस एव्हान्स यांनी वर्षानुवर्षं ह्याच हाकांचा अभ्यास केला. नुसता आवाज ऐकून बाकीच्या कोंबड्या योग्य तेच करतात, म्हणजे घारीच्या हाकेला आडोशाला पळतात आणि जमिनीवरच्या शत्रूच्या हाकेला माना उंचावून पाहतात. परसात खेळणारी पोरंही हे ओळखत. घारीची हाक आली की जो जवळ असेल तो हातातलं टाकून पिल्लांकडे धावे.

कोंबडी माणसाजवळ आली तीही धान्यामुळे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार पाळीव कोंबडीची सर्वांत जुनी खात्रीची हाडं मध्य थायलंडमधल्या बान नॉन वाट इथली आहेत, इसवीसनपूर्व १६५० ते १२५० ह्या काळातली. कोरडवाहू भात आणि भरड धान्यं पिकायला लागली, दाण्यांच्या ओढीनं लाल रानकोंबड्या वस्तीजवळ आल्या आणि राहिल्या. तिच्या रक्तात आपल्या सह्याद्रीचाही वाटा आहे. पाळीव कोंबडीच्या कातडीचा आणि पायांचा पिवळा रंग राखी रानकोंबड्याकडून आलेला आहे, हे २००८ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून कळलं. कोयनेच्या जंगलात पहाटे ओरडतो तोच हा राखी रानकोंबडा.

आता पैशाचं. गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते. पोल्ट्रीतली तीनशेच्या वर देते. ह्या दोन आकड्यांवरून गावठी कोंबडीला टाकाऊ ठरवणारे हिशोबाची दुसरी बाजू बघत नाहीत. तिला खर्च जवळजवळ नाही, आणि जे येतं ते थेट बाईच्या हातात येतं. अंडी आठवडी बाजारात किंवा दारावर येणाऱ्याला विकली जात. त्या पैशांतून पोरांच्या वह्या, बांगड्या, एसटीचं भाडं, माहेरच्या लग्नातला आहेर निघे आणि त्यासाठी कुणापुढे हात पसरावा लागत नसे. अचानक दवाखान्याची वेळ आली तर एखादा कोंबडा विकता येई. जिच्याजवळ काहीच नाही तिच्यासाठी अर्धेलीची सोय होती. दुसरीची कोंबडी तिनं सांभाळायची, उबवायची, आणि पिल्लं मोठी झाली की निम्मी तिची, निम्मी मालकिणीची. ना कागद, ना जामीन, ना व्याज. विधवेनं, परित्यक्तेनं किंवा वेगळ्या निघालेल्या सुनेनं अशा एका अर्धेलीच्या कोंबडीवर पुन्हा सुरुवात केल्याच्या हकिगती प्रत्येक गावात ऐकायला मिळतात.

ह्या सगळ्याचा आधार म्हणजे खुडूक. बारा-पंधरा अंडी घालून झाली की गावठी कोंबडी अंडी थांबवते, पिसं फुलवून एका जागी बसते, जवळ गेलं की गुरगुरते. प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढल्यामुळे हे होतं. आता तिला रवणीला बसवायचं की तिची खुडूक मोडायची, हा निर्णय घरातली जाणती बाई घेई. मोडायची असेल तर तिला गार पाण्यात बुडवत, नाकपुड्यांतून तिचंच पीस आरपार घालत. बसवायची असेल तर धान्याच्या टोपलीत जपून ठेवलेली अंडी बाहेर निघत. आठवड्याहून फार जुनी घ्यायची नाहीत, तडा गेलेली किंवा बेढब नकोत, कोंबडीच्या अंगाखाली मावतील तेवढीच घ्यायची. पाटीत राख आणि पेंढा घालून अंधाऱ्या कोपऱ्यात तिची जागा होई. काही घरांत विजांच्या कडकडाटाची भीती म्हणून अंड्यांत लोखंडाचा तुकडा आणि कोळसाही ठेवत.

पुढचे २१ दिवस ती कोंबडी दिवसातून एकदाच, थोड्या वेळासाठी उठते. खाते, पाणी पिते, राखेत अंग घोळते आणि परत बसते. अंडी ती स्वतःच चोचीनं उलटीपालटी करते. सातव्या-आठव्या दिवशी आजी अंधारात बॅटरीसमोर एकेक अंडं धरी. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर ते परत पाटीत, नुसतं पारदर्शक दिसलं तर ते गाबोळं म्हणून बाजूला. शेवटच्या दिवशी अंड्याला कान लावला की आतली टकटक ऐकू येते. आधी फुटलेली पिल्लं बाकीच्यांसाठी थांबू शकतात, कारण पोटात ओढून घेतलेल्या बलकावर दोन-तीन दिवस त्यांना दाण्यापाण्याची गरज नसते. वीज, यंत्र, कर्ज ह्यांपैकी काहीही न लागता घरात दहा नवी पिल्लं येतात.

खाण्यापिण्याचं थोडक्यात सांगते. घरात एक तरी माळकरी असेच, म्हणून कोंबडं परसात तीन दगडांच्या चुलीवर, वेगळ्या भांड्यात शिजे. निमित्त जावयाचं, बाळंतिणीचं किंवा गावदेवीच्या मानाचं. एका कोंबड्यात वीस माणसं जेवायची तर रस्सा पातळच होणार. तंगडी पाहुण्याला, काळीज-पोटा लहानग्यांना, आणि शेवटच्या पंगतीला बसलेल्या बायकांच्या वाट्याला बहुतेक वेळा रस्साच. कोंबडी जिची, तिलाच तिचं मांस सर्वांत कमी मिळे. ही गोष्ट अन्यायाची होती आणि तिला परंपरेचं नाव देऊन झाकू नये.

ह्या संसारावर सर्वांत मोठा घाला घालणारा रोग म्हणजे मानमोडी. शास्त्रीय नोंदींत तो १९२६ मध्ये जावा बेटावर आणि इंग्लंडातल्या न्यूकॅसलला सापडला, पाठोपाठ कुमाऊंतल्या राणीखेतला, आणि आपल्याकडे तेच नाव रूढ झालं. हिरवट हगवण, धाप, लुळे पंख, वाकडी झालेली मान. दोन-चार दिवसांत अख्खं खुराडं रिकामं होतं आणि वर्षाची शिल्लक जाते. बर्ड फ्लूचं संकट ह्याहून वेगळं आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला तो देशात पहिल्यांदा आढळला. पुढे जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात आला. हा रोग आला की ठरवलेल्या परिघातल्या परसातल्या कोंबड्याही नष्ट कराव्या लागतात. ते सार्वजनिक आरोग्यासाठी आवश्यक असतं, पण ज्या घरात तेवढंच धन असतं तिथला घाव खोल असतो.

दरम्यान घरंच बदलली. महाराष्ट्रात १९७०-७१ मध्ये सरासरी वहिती ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ पर्यंत ती १.३४ हेक्टरवर आली. जमिनीच्या वाटण्या झाल्या, चुली वेगळ्या झाल्या, अंगणात फरशी आली आणि उकिरडा गेला. असं असताना २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या ८५ कोटी १८ लाख कोंबड्या-बदकांपैकी ३१ कोटी ७० लाख परसातल्या निघाल्या, म्हणजे आधीच्या गणनेपेक्षा तब्बल ४६ टक्के अधिक. व्यावसायिक पोल्ट्रीतली वाढ साडेचार टक्केच होती. कोंबडी परसातून हटलेली नाही, उलट वाढली आहे.

ह्या वाढीत सुधारित जातींचा हात मोठा आहे. बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेच्या वनराज आणि ग्रामप्रिया ह्या जाती परसात टिकतात आणि वर्षाला शंभरावर अंडी देतात. योजनांमधून पिल्लं वाटली जातात ती बहुधा अशीच. मी त्यांच्या विरोधात नाही. पण ह्या कोंबड्या खुडूक होत नाहीत. त्या म्हाताऱ्या झाल्या की नवी पिल्लं उबवणी केंद्रातूनच आणावी लागतात, आणि बाईचं धन पुन्हा दुसऱ्याच्या हाती जातं. अर्धेली तर संपतेच. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरच्या पट्ट्यात कडकनाथ कोंबड्यांच्या नावाखाली शेकडो कुटुंबांचे पैसे बुडाले, तेही पिल्लं आणि खरेदी दोन्ही परक्याच्या हाती दिल्यामुळे. सुधारित कोंबड्या जरूर पाळाव्यात, पण त्यांच्यासोबत खुडूक बसणाऱ्या दोन गावठी कोंबड्या राखाव्यात. सुधारित कोंबडीची अंडी गावठीखाली उबवता येतात.

आणि एक विनंती. मानमोडीला औषध नाही, लस आहे आणि ती स्वस्त आहे. पिल्लाला पहिल्या आठवड्यात लासोटाचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, आणि आठव्या आठवड्यानंतर आर-टू-बीचं इंजेक्शन. अडचण एवढीच की एका कुपीत शंभराहून जास्त कोंबड्यांची लस असते आणि कालवल्यावर ती दोनेक तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांची मालकीण एकटीनं ती आणू शकत नाही, दहा जणींनी मिळून आणता येते. साथ उन्हाळ्यात जोर धरते. तेव्हा दिवाळी आटोपली की वाडीतल्या बायकांनी एक संध्याकाळ ठरवावी, बर्फाच्या डब्यातून पशुवैद्यकीय दवाखान्यातली कुपी आणावी आणि कोंबड्या खुराड्यात शिरल्या की एकेक हातात घेऊन लस टोचून घ्यावी. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्याच.