यकृतशोथ-ब प्रतिजने

यकृतशोथ-ब प्रतिजने : यकृतशोथ-ब या रोगाच्या निदानासाठी उपयोगात आणली जाणारी व्हायरसाची प्रथिने. ज्या परक्या पदार्थाविरुद्ध शरीर प्रतिपिंडे निर्माण करते, त्यास प्रतिजन म्हणतात.

अनेकदा रक्ताधान झालेल्या एका हीमोफिलियाच्या रुग्णाच्या रक्तरसाची ऑस्ट्रेलियातील एका आदिवासीच्या रक्तरसाशी विक्रिया होते, असे बरूच ब्लूमबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले (१९६५). या ‘ऑस्ट्रेलिया प्रतिजना’चा यकृतशोथाशी असलेला संबंध पुढे स्पष्ट झाला. ब्लूमबर्ग यांना १९७६ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

हे प्रतिजन म्हणजे व्हायरसाच्या बाह्य आवरणातील प्रथिन होय. पूर्ण व्हायरसकणाचा व्यास सु. ४२ नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक-अब्जांश भाग) असतो. याखेरीज नुसत्या आवरणाचे सु. २२ नॅनोमीटर व्यासाचे कण रक्तात विपुल आढळतात. त्यामुळे हे पृष्ठ-प्रतिजन ओळखणे सुलभ होते. एलिसा परीक्षेत प्रतिपिंडांचा थर दिलेल्या खळग्यात ते चिकटून राहते व एंझाइम जोडलेल्या दुसऱ्या प्रतिपिंडांमुळे रंग उत्पन्न होतो.

पृष्ठ-प्रतिजन कावीळ दिसण्यापूर्वीच रक्तात येते. ते सहा महिन्यांहून अधिक काळ टिकल्यास संसर्ग चिरकारी समजतात. गाभ्याचे प्रतिजन रक्तात मोकळे आढळत नसल्याने त्याची प्रतिपिंडे शोधतात. ‘ई’ प्रतिजन व्हायरसाची वाढ जोमाने चालू असल्याचे दर्शविते. तथापि काही उत्परिवर्तित व्हायरस ते निर्माण करीत नाहीत.

एकाच परीक्षेवर विसंबणे धोक्याचे ठरते. बरे होताना पृष्ठ-प्रतिजन नाहीसे होते, पण त्याची प्रतिपिंडे अद्याप आढळत नाहीत, असा काही काळ जातो. त्या अवधीत गाभ्याविरुद्धची प्रतिपिंडेच संसर्गाची साक्ष देतात. लशीत केवळ पृष्ठ-प्रथिन असल्याने, लस टोचलेल्या परंतु संसर्ग न झालेल्या व्यक्तीत गाभ्याविरुद्धची प्रतिपिंडे नसतात.

भारतात रक्तपेढीतील प्रत्येक रक्तपिशवीची पृष्ठ-प्रतिजनासाठी तपासणी बंधनकारक आहे, कारण वाहक व्यक्ती पुष्कळदा पूर्णपणे निरोगी दिसते. गर्भवतीची तपासणीही तितकीच महत्त्वाची असते. जन्मसमयी संसर्ग झालेल्या अर्भकांपैकी सु. ९० टक्क्यांमध्ये तो चिरकारी होतो व पुढे यकृतसूत्रण किंवा कर्करोग उद्‌भवू शकतो. प्रौढांत हे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी असते. मातेचा संसर्ग वेळीच कळल्यास जन्मानंतर २४ तासांच्या आत लस व प्रतिपिंडयुक्त इम्युनोग्लोब्युलिन टोचून बहुसंख्य अर्भकांचे रक्षण करता येते. सहभोजन वा हस्तांदोलन यांनी हा रोग पसरत नाही. म्हणून परीक्षेचा निष्कर्ष उपचारांसाठी वापरावयाचा असतो, वाहकास दूर ठेवण्यासाठी नव्हे.