उर्वशीच्या शोधाआड दडलेला साग

मुंबईच्या राणीच्या बागेत उर्वशी फुलली की झाडाखालून पाय निघत नाही. हे झाड आलं म्यानमारमधून, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. ते सापडलं कसं, हा किस्सा मात्र सांगायलाच हवा.

1826 मध्ये पहिलं इंग्रज-बर्मी युद्ध संपलं आणि तेनासेरिमचा किनारा कंपनी सरकारच्या हाती आला. त्याच सुमारास सालवीन नदीकाठच्या एका गुहेत बुद्धमूर्तींपुढे या झाडाची ओंजळभर फुलं वाहिलेली आढळली. जॉन क्रॉफर्ड या अधिकाऱ्यामार्फत ही बातमी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख नॅथॅनिएल वॉलिच यांच्या कानावर गेली. पुढे मार्च 1827 मध्ये ते स्वतः सालवीनवर पोहोचले, पण सरकारी काम होतं सागाची जंगलं पाहण्याचं. वाटेत एका पडक्या बौद्ध मठाच्या आवारात त्यांना ती झाडं भेटली. दोनच होती, मोठं सुमारे 40 फूट उंच, लालभडक घोसांनी लगडलेलं.

उर्वशीचा घोस खाली लोंबतो. एकेक फूल हातात घेऊन पाहावं: बाहेर दोन लालसर पंखांसारखी छदं, वरच्या मोठ्या पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका, आणि दहा पुंकेसरांपैकी नऊ तळाशी जुळलेले, एक सुटा. कोवळी पालवी तांबूस, सीताअशोकासारखी मरगळून लटकणारी. वॉलिचनी या झाडासाठी नवी प्रजातीच मांडली आणि लेडी ॲम्हर्स्ट व त्यांच्या मुलीच्या सन्मानार्थ नाव ठेवलं ‘ॲम्हर्स्टिया नोबिलिस’. त्यांच्या भव्य चित्रग्रंथाची सुरुवातही याच झाडाने होते.

मला मात्र मान द्यावासा वाटतो तो मठातल्या अनाम माणसांना. रानात हे झाड आढळल्याच्या नोंदी अगदी मोजक्या आहेत; बी क्वचितच धरतं. ज्यांनी ते आवारात लावलं, जपलं, त्यांच्यामुळेच वॉलिचना ते दिसलं.

पुढची धडपड हे झाड इंग्लंडमध्ये नेण्याची. डेव्हनशरच्या ड्यूकनी जॉन गिब्सन या तरुण माळ्याला खास कलकत्त्याला धाडलं. काचेच्या बंद पेट्यांतून दोन रोपं निघाली. एक ड्यूकचं, एक कंपनीचं. ड्यूकचं वाटेतच मेलं. कंपनीने स्वतःचं रोप त्यांना देऊन टाकलं. ते ड्यूकच्या चॅट्सवर्थ इथल्या काचघरात सांभाळलं गेलं, पण इंग्लंडमध्ये उर्वशी पहिल्यांदा फुलली ती 1849 मध्ये, लंडनजवळच्या ईलिंग पार्कात, लुईझा लॉरेन्स या बागवेड्या बाईंकडे.