घटक ४ : कामगार कुटुंबाचे परराज्यातील स्थलांतर आणि भाषा

४.१ उद्दिष्टे

विद्यार्थी मित्रहो, या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला :
• एकट्या कामगाराचे स्थलांतर आणि सबंध कुटुंबाचे स्थलांतर यांतील भाषिक फरक स्पष्ट करता येईल.
• राज्याची सीमा आणि भाषेची सीमा या दोन गोष्टी वेगळ्या का मानाव्या लागतात, हे मैंदर्गी परिसराच्या उदाहरणाने सांगता येईल.
• 'व्यवहारक्षेत्र', 'भाषाटिकाव' आणि 'भाषापालट' या संज्ञांचा उपयोग करून एखाद्या स्थलांतरित कुटुंबाच्या भाषेचे वर्णन करता येईल.

४.२ प्रास्ताविक

मागील घटकात आपण द्विभाषिकतेचा विचार केला. भाषा बोलणारी माणसे एका जागी स्थिर आहेत, असे तेथे आपण गृहीत धरले होते. प्रत्यक्षात माणसे पोटासाठी गाव सोडतात. पाऊस दगा देतो, शेतमजुरीचे दिवस घटतात, एखादी गिरणी बंद पडते, आणि घरातल्या कर्त्या माणसाला दुसरीकडे काम शोधावे लागते. तुमच्यापैकी अनेकांनी हा अनुभव स्वतः घेतला असेल किंवा आईवडिलांकडून ऐकला असेल.

स्थलांतराची चर्चा बहुधा मजुरी, घरभाडे आणि कामाची शाश्वती यांभोवती फिरते. ते स्वाभाविक आहे. परंतु दुसऱ्या राज्यात बिऱ्हाड हलवणारे कुटुंब आणखी एक निर्णय घेत असते. तो भाषेचा असतो. हा निर्णय कोणत्या क्षणी घेतला जातो आणि त्याची किंमत घरातील कोण चुकवतो, याचा विचार आपण या घटकात करणार आहोत.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ व्यक्तीचे स्थलांतर आणि कुटुंबाचे स्थलांतर

मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेले बहुसंख्य कामगार दीर्घकाळ एकटेच राहत होते. चाळीच्या एका खोलीत अनेक जण, जेवण खानावळीत, आणि बायकोमुले गावी. पगार मनिऑर्डरने गावी जाई आणि सणाला किंवा शेतीच्या हंगामाला कामगार घरी परते. अण्णा भाऊ साठे यांची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड याच ताटातुटीवर उभी आहे. कामगार आणि गावी राहिलेली त्याची पत्नी यांचा हा विरह अण्णा भाऊंनी संयुक्त महाराष्ट्रापासून तुटलेल्या सीमाभागाच्या प्रश्नाशी जोडला, हे येथे लक्षात घ्यावे.

अशा स्थलांतरात कामगार नव्या ठिकाणची कामापुरती भाषा शिकतो. मुकादमाशी, दुकानदाराशी, शेजाऱ्याशी बोलण्याइतकी ती त्याला पुरते. घरातील भाषेला मात्र धक्का लागत नाही, कारण घर हललेलेच नसते. मुले गावच्या शाळेत शिकतात आणि आजीची भाषा बोलतात.

कुटुंब हलले की चित्र बदलते. मुलांना नवी शाळा, गृहिणीला नवा शेजार आणि वृद्धांना नवा दवाखाना मिळतो. भाषा जेथे वापरली जाते अशा जीवनाच्या विभागांना अमेरिकी समाजभाषावैज्ञानिक जोशुआ फिशमन यांनी दिलेल्या संकल्पनेनुसार 'व्यवहारक्षेत्रे' म्हणतात. घर, शेजार, काम, शाळा, धर्म आणि शासन ही त्यांतील प्रमुख क्षेत्रे होत. एकटा कामगार केवळ कामाचे क्षेत्र बदलतो; कुटुंब एकाच वेळी सगळी क्षेत्रे बदलते. मूळ भाषा सर्व वा काही क्षेत्रांत टिकली तर त्यास 'भाषाटिकाव' म्हणावे. ती एकेका क्षेत्रातून मागे हटत अखेर घरातूनही गेली तर त्यास 'भाषापालट' म्हणावे.

४.३.२ मैंदर्गी : भाषेची सीमा आणि राज्याची सीमा

मैंदर्गी हे सोलापूर जिल्ह्याच्या अक्कलकोट तालुक्यातील नगरपरिषदेचे छोटे गाव आहे. जवळच दुधनी आहे आणि दुधनीपलीकडे थोड्याच अंतरावर कर्नाटकाचा कलबुर्गी जिल्हा लागतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा निजामाच्या जुन्या हैदराबाद राज्यातील कलबुर्गी म्हैसूर राज्यात, म्हणजे पुढील कर्नाटकात, गेले आणि अक्कलकोट मुंबई राज्यात राहिले. १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाने अक्कलकोटचा भाग कर्नाटकास द्यावा अशी शिफारस केली. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला.

या पट्ट्यात अनेक घरांत कन्नड बोलली जाते, बाजारात कन्नड आणि मराठी दोन्ही चालतात, तर कचेरीत मराठी लागते. तालुक्यात मराठीबरोबर कन्नड माध्यमाच्याही शाळा आहेत. सोयरिकी सीमेच्या दोन्ही बाजूंना होतात. अशा प्रदेशात भाषा एकमेकींच्या जवळ येतात. शेजारच्या सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथे जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी केलेला अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील मराठी, कन्नड आणि उर्दू या बोलींचे शब्द वेगळे राहिले, पण वाक्यरचना जवळजवळ सारखी झाली, असे त्यांना आढळले.

म्हणून मैंदर्गीच्या एखाद्या बांधकाम मजुराला कलबुर्गीत काम मिळाले तर बोलण्याची अडचण सहसा येत नाही. तोंडी भाषा त्याच्याबरोबर सीमा ओलांडते. लिपीचे मात्र तसे नाही. समजा, या मजुराच्या घरात कन्नड बोलली जाते, पण त्याची मुलगी मैंदर्गीत मराठी माध्यमात पाचवीपर्यंत शिकली आहे. कलबुर्गीच्या शाळेत गेल्यावर शिक्षकांचे बोलणे तिला कळते; फळ्यावरचे अक्षर मात्र वाचता येत नाही. घरात जी भाषा ती जन्मापासून बोलते, त्याच भाषेत ती निरक्षर ठरते. तिला पहिलीच्या मुळाक्षरांपासून सुरुवात करावी लागते आणि त्याच वेळी सहावीचे गणित व विज्ञानही समजून घ्यावे लागते.

अशा घरातील आई जर कर्नाटकातून लग्न होऊन आली असेल आणि कन्नड माध्यमात शिकलेली असेल, तर कुटुंबात कन्नड वाचणारी ती एकटीच असते. मैंदर्गीत कागदोपत्री व्यवहारासाठी ती नवऱ्यावर अवलंबून होती. कलबुर्गीत घरभाड्याचा करार, दवाखान्याचा कागद आणि शाळेची सूचना तीच वाचते. स्थलांतराने घरातील भाषिक अधिकार असा एका व्यक्तीकडून दुसरीकडे जाऊ शकतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न १ : 'बोलता येणे' आणि 'वाचता येणे' यांतील अंतर सीमाभागातील मुलांच्या बाबतीत अधिक तीव्र का होते? पाच-सहा वाक्यांत लिहा.

४.३.३ सोलापूरचा पूर्व भाग : गटाने झालेले स्थलांतर

याच जिल्ह्यात उलट दिशेने झालेल्या स्थलांतराचे मोठे उदाहरण आहे. १८६० मध्ये रेल्वे सोलापूरपर्यंत पोहोचली. १८७७ मध्ये 'जुनी गिरणी' म्हणून ओळखली गेलेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल स्थापन झाली. गिरणी आणि हातमाग यांवरील कामासाठी तत्कालीन हैदराबाद संस्थानाच्या तेलंगण भागातून पद्मशाली विणकरांची कुटुंबे सोलापुरात येत राहिली.

ही कुटुंबे एकगठ्ठा आली, यामागे हातमागाच्या कामाचे स्वरूप हेही एक कारण आहे. माग एकट्याने चालत नाही. कांड्या भरणे, ताणा लावणे, सुताला खळ देणे या कामांत घरातील सर्वांचे हात लागतात. पुढे विडी वळण्याचे कामही प्रामुख्याने या वस्तीतील स्त्रियांनी घरी बसून केले. त्यामुळे काम आणि घर ही दोन्ही व्यवहारक्षेत्रे एका छताखाली राहिली आणि दोन्हींची भाषा तेलुगू राहिली. शहराच्या 'पूर्व भागा'त ज्ञातीसंस्था उभ्या राहिल्या, मार्कंडेय मंदिर उभे राहिले, नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव सुरू झाला. शाळेत मात्र बहुतेक मुले मराठीकडे वळली. याचा परिणाम अनेक पिढ्यांनंतरही दिसतो : घरात तेलुगू, बाहेर मराठी.

लक्ष्मीनारायण बोल्ली यांचे 'एका साळियाने' हे आत्मचरित्र या संदर्भात महत्त्वाचे आहे. तेलुगुभाषक विणकर समाजातील या लेखकाने आपले जीवन मराठीत लिहिले आणि तेलुगू साहित्य मराठीत आणले. भाषाटिकाव आणि नव्या भाषेचा पूर्ण स्वीकार या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत, हे या उदाहरणातून सिद्ध होते. मात्र त्यासाठी पाठीशी वस्ती आणि संस्था असाव्या लागतात. मैंदर्गीहून एकटे निघालेले कुटुंब हा आधार बरोबर नेऊ शकत नाही.

४.३.४ मराठी कुटुंबे परराज्यांत

खानदेशातून सुरतेस गेलेली कामगार कुटुंबे लिंबायत, उधना अशा भागांत मोठ्या संख्येने एकत्र राहिली. सुरत महापालिकेच्या शिक्षण समितीने गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू अशा माध्यमांच्या शाळा चालवल्या. त्यामुळे मजुराच्या मुलाला शाळेतही मराठी मिळू शकली.

सांगली जिल्ह्याच्या विटा, आटपाडी भागातील गलाई व्यावसायिकांची स्थिती वेगळी आहे. जुने सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याचे हे काम करणारी कुटुंबे केरळ, तमिळनाडूपासून उत्तरेपर्यंत देशभर विखुरली. एका गावात मोजकीच घरे असल्यामुळे मराठी शाळेची अपेक्षा करता येत नाही. मुले तेथील भाषेत किंवा इंग्रजीत शिकतात. मराठी घरात, गावच्या यात्रेत आणि लग्नसमारंभात उरते. बोलली जाते, पण लिहिली जात नाही.

दोन्ही उदाहरणांत कुटुंबांचे मराठीवरील प्रेम कमी-अधिक नाही. फरक वस्तीच्या घनतेचा आणि शाळेचा आहे.

४.३.५ शाळा आणि कागदपत्रे

आपल्या विवेचनाचा मुख्य मुद्दा आता मांडता येईल. स्थलांतरित कुटुंबाची भाषा घरात टिकते, पण तिचे पुढचे रूप शाळेच्या प्रवेशअर्जावर ठरते. माध्यमाच्या रकान्यात पालक जे लिहितात, त्यावरून मूल आपली भाषा लिहू शकेल की केवळ बोलेल, हे निश्चित होते. हा अर्ज बहुधा नव्या गावी पोहोचल्यावर पहिल्या काही दिवसांत, घाईत भरला जातो.

कायद्याने काही आधार दिले आहेत. संविधानाच्या अनुच्छेद ३५०-अ नुसार भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्याचा प्रयत्न राज्यांनी करावयाचा आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळा सोडल्याचा दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, आणि वयानुरूप वर्गात बसवलेल्या मुलाला मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याची तरतूद आहे. दुसरीकडे, राज्ये आपापली भाषा शाळांत सक्तीची करतात : कर्नाटकाने २०१५ मध्ये कन्नडसाठी, तेलंगणाने २०१८ मध्ये तेलुगूसाठी, महाराष्ट्राने २०२० मध्ये मराठीसाठी कायदा केला. त्यामुळे सीमा ओलांडणाऱ्या मुलाला नवी लिपी शिकणे टाळता येत नाही.

भाषेपेक्षाही कागदपत्रे हळू चालतात. 'एक देश, एक शिधापत्रिका' योजनेमुळे अन्नसुरक्षा कायद्याखालील धान्य आता परराज्यातही घेता येते. जातीच्या दाखल्याचे मात्र तसे नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या राज्यनिहाय असल्यामुळे स्थलांतर करून आलेल्या व्यक्तीला नव्या राज्यात त्या प्रवर्गाचे आरक्षण आपोआप मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये म्हटले आणि २०१८ मध्ये घटनापीठाने तेच तत्त्व कायम ठेवले. कलबुर्गीसह त्या विभागातील जिल्ह्यांत अनुच्छेद ३७१-जे अन्वये शिक्षणात व शासकीय नोकरीत स्थानिकांसाठी राखीव जागा आहेत. मैंदर्गीचे कन्नडभाषक कुटुंब तेथील भाषा बोलते, तेथे त्याचे आप्त आहेत. तरी स्थानिक ठरण्यासाठी त्याला दीर्घ वास्तव्य सिद्ध करावे लागते. भाषेने जे आपले आहेत, ते कागदाने परके ठरतात.

म्हणून राज्य बदलू पाहणाऱ्या कुटुंबाने मजुरीच्या हिशेबाबरोबर तीन गोष्टींची चौकशी आधीच करावी : नव्या वस्तीजवळ कोणत्या माध्यमाची शाळा आहे, मूल कोणत्या इयत्तेत असताना हलणार आहे, आणि मुलांच्या पुढील शिक्षणासाठी कोणता दाखला कोठे चालेल. पहिली-दुसरीतील मूल नवी लिपी तुलनेने सहज उचलते. सातवी-आठवीत माध्यम बदलले तर अभ्यास मागे पडतो, आणि तेथूनच, विशेषतः मुलींच्या बाबतीत, शाळा सुटण्याचा धोका सुरू होतो. वडिलांची वाढलेली मजुरी ही हानी भरून काढू शकत नाही. शक्य तेथे वर्षअखेरीपर्यंत मुलांना आजी-आजोबांकडे ठेवणे किंवा निघण्यापूर्वी सुट्टीत नव्या लिपीची ओळख करून देणे, हे साधे उपायही उपयुक्त ठरतात.

४.४ सारांश

एकट्या कामगाराच्या स्थलांतराने केवळ कामाचे व्यवहारक्षेत्र बदलते. कुटुंबाच्या स्थलांतराने सर्व क्षेत्रे बदलतात. मैंदर्गीसारख्या सीमाभागात तोंडी भाषा सहज सीमा ओलांडते, पण लिपी, शालेय माध्यम आणि कागदपत्रे अडतात. सोलापूरच्या तेलुगू विणकरांची भाषा वस्ती, व्यवसाय आणि संस्था यांच्या बळावर टिकली. सुरतेतील मराठीला शाळेची साथ मिळाली. विखुरलेल्या गलाई कुटुंबांची मराठी मुख्यतः मौखिक राहिली. भाषेचा निर्णय शाळाप्रवेशाच्या वेळी होतो आणि त्याचा भार प्रामुख्याने मुलांवर पडतो.

४.५ पारिभाषिक संज्ञा

व्यवहारक्षेत्र : घर, काम, शाळा इत्यादी भाषावापराचे विभाग.
भाषाटिकाव : स्थलांतरानंतरही मूळ भाषेचा वापर चालू राहणे.
भाषापालट : पिढ्यांच्या ओघात मूळ भाषेची जागा दुसऱ्या भाषेने घेणे.

४.६ स्वाध्याय

१. सोलापूरचे तेलुगू विणकर आणि परराज्यांतील गलाई कुटुंबे यांच्या भाषाटिकावाची तुलना करा.
२. 'राज्याची सीमा आणि भाषेची सीमा जुळत नाहीत.' मैंदर्गी परिसराच्या आधारे या विधानाची चर्चा करा.

४.७ क्षेत्रीय कार्य

तुमच्या परिसरात परराज्यातून आलेल्या एका कुटुंबाची त्यांच्या संमतीने भेट घ्या. आजी-आजोबा, आईवडील आणि मुले घरात, कामावर व शाळेत कोणती भाषा बोलतात आणि कोणती लिहितात, याचा तक्ता तयार करा. बोलली जाते पण लिहिली जात नाही अशी भाषा कोणती आणि ती स्थिती कोणत्या पिढीपासून सुरू झाली, यावर दोन पानांची टिपण लिहा.