जात वगळली की कथेत काय उरते?

एका भाषेत चाललेला चित्रपट दुसऱ्या भाषेत पुन्हा का काढतात, असा प्रश्न घराघरांत विचारला जातो. उत्तर आधी हिशेबाचे आहे. नवी कथा चालेल की पडेल, हे कुणालाच ठाऊक नसते. चाललेली कथा मात्र तिकीटबारीच्या परीक्षेत पास झालेली असते. म्हणून निर्माता तिचे हक्क विकत घेतो आणि गाव, बोली, कलावंत बदलतो. गाजलेल्या चालींवर नवे शब्द बसवतो. धोका कमी, नफ्याची आशा जास्त!

नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २०१६ साली आला. १०० कोटींहून अधिक कमाई करणारा तो पहिला मराठी चित्रपट. पुढे तो कन्नड, पंजाबी, ओडिया, बंगाली आणि हिंदीत निघाला. कन्नड ‘मनसु मल्लिगे’ची नायिका तर रिंकू राजगुरूच होती. हिंदी ‘धडक’ २०१८ साली आला. त्यात करमाळ्याकडचा मुलूख जाऊन उदयपूर आले. ‘झिंगाट’ची चाल राहिली, शब्द हिंदी झाले.

येथवर आमची तक्रार नाही. पण बदलताना काय गाळले, हेही पाहिले पाहिजे. ‘सैराट’मध्ये परश्या मासेमारी करणाऱ्या घरातला, आर्ची पाटलाची लेक. पाटलाचा मुलगा भर वर्गात शिक्षकावर हात उचलतो. त्या एका थपडेत गावाची सारी उतरंड दिसते. ‘धडक’मध्ये जातीचा उल्लेख ओझरता येतो, दिसतो तो श्रीमंत-गरिबांचा भेद. मग ते दोघे कशासाठी पळाले आणि रक्त कशासाठी सांडले, याचे उत्तरच पातळ होते.

जात गाळल्यावाचून हिंदीत चित्रपट निघत नाही, असे कुणी म्हणेल. ते खरे नाही. मारी सेल्वराज यांच्या ‘परियेरुम पेरुमाळ’ (२०१८) या तमिळ चित्रपटावरून शाझिया इक्बाल यांनी २०२५ साली ‘धडक २’ काढला. त्यात दलित समाजातला कायद्याचा विद्यार्थी जातीचा अपमान सोसतो आणि त्याविरुद्ध उभा राहतो. तेथे जातीचे नाव घेतले आहे. म्हणजे प्रश्न भाषेचा नसून करणाऱ्याच्या इच्छेचा आहे.

वाचकहो, हे चित्रपट मुलाबाळांसह जरूर पाहा. फक्त पाहून झाल्यावर मुलांना एवढेच विचारा: मूळ कथेतले काय ठेवले, काय गाळले आणि ते गाळल्याने सोय कुणाची झाली? हा हिशेब मुलांना जमला, तर तिकिटाचे पैसे वसूल झाले असे समजावे.