जुना गुन्हा आणि कॅनडाचा व्हिसा

कायदा: 'इमिग्रेशन अँड रेफ्युजी प्रोटेक्शन ॲक्ट', २००१. गुन्ह्यांची नोंद असलेल्यांसाठी कलम ३६.

मोजपट्टी कॅनडाची: गुन्हा भारतात घडलेला असला, तरी तोच कॅनडात घडला असता तर जास्तीत जास्त किती शिक्षा झाली असती, हे पाहतात. कमाल शिक्षा १० वर्षे किंवा त्याहून अधिक असेल, तर गुन्हा 'गंभीर'. प्रत्यक्षात किती शिक्षा भोगली, हा मुद्दा इथे गौण.

उदाहरण, दारू पिऊन गाडी चालवणे: भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५नुसार पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद, १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही. कॅनडाने १८ डिसेंबर २०१८पासून या गुन्ह्याची कमाल शिक्षा ५ वरून १० वर्षांवर नेली. त्यामुळे त्यानंतरचे, इकडे दंड भरून मिटलेले प्रकरणही तिकडे गंभीर ठरू शकते.

मार्ग:
• शिक्षा पूर्ण होऊन ५ वर्षे झाल्यावर: 'पुनर्वसना'साठी, म्हणजे जुन्या गुन्ह्यामुळे असलेली प्रवेशबंदी उठवण्यासाठी, अर्ज.
• १० वर्षांनी: गंभीर नसलेला एकच गुन्हा असल्यास अर्जाविनाही पुनर्वसन मानले जाऊ शकते.
• त्याआधी जाणे भागच असेल तर: तात्पुरता निवासी परवाना. तो देणे-न देणे अधिकाऱ्याच्या हाती.

पीसीसी: पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट. कायमच्या वास्तव्यासाठी १८ वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला आवश्यक. गेल्या १० वर्षांत सलग ६ महिने किंवा अधिक वास्तव्य झालेल्या देशांकडून घ्यावे लागते. भारतात अर्ज पासपोर्ट सेवा केंद्रामार्फत.

माहिती लपवल्यास: ५ वर्षे प्रवेशबंदी.