पायाची पट्टी : घट्ट कीं सैल?

घरांतील एखाद्या वृद्ध माणसाच्या पायास जखम झाली, म्हणजे पट्टी बांधण्याचें काम पुष्कळदां शाळेंत जाणाऱ्या मुलांकडे येतें. आणि ती सुटूं नये म्हणून मुलें ती आवळून बांधतात. अशीच चूक एकदां आमच्या हातून घडली. वडिलांच्या घोट्यावरील जखमेस आम्हीं सकाळीं मोठ्या मायेनें घट्ट पट्टी बांधली. सायंकाळीं पाहतों तों पायाचीं बोटें निळसर व थंडगार! मधुमेहामुळें पायाची संवेदना मंदावली असल्यानें त्यांनीं तक्रारही केली नव्हती. पट्टी वेळेवर सोडली म्हणून बोटें वाचलीं.

रक्त शरीरांत सतत फिरत असतें, हें विल्यम हार्वे यानें इ. स. १६२८ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत दाखवून दिलें. हृदयाकडून रक्त नेणाऱ्या त्या रोहिणी व परत आणणाऱ्या त्या नीला. रोहिणी अरुंद झाल्या तर पायास रक्त पुरत नाहीं. नीलांतील झडपा बिघडल्या तर रक्त पायांतच सांचतें व सूज येते. दोन्हींस आपण ‘रक्ताभिसरण मंदावलें’ असेंच म्हणतों. परंतु उपाय मात्र उलट. नीलांच्या विकारांत योग्य दाबाचा पट्टा जखम भरून येण्यास साहाय्य करितो. रोहिणींच्या विकारांत तोच पट्टा उरलेलें रक्तही अडवितो, आणि पाय गमावण्याची पाळी येते. विकार कोणता, हें ठरविण्यासाठीं डॉक्टर घोट्याचा व दंडाचा रक्तदाब ताडून पाहतात. घोट्याचा दाब दंडाच्या निम्म्याहून कमी भरल्यास दाबाचा पट्टा वर्ज्य मानितात. ही परीक्षा होईपर्यंत घरच्या पट्टीचें काम एकच : औषधाची घडी जागेवर ठेवणें, दाब देणें नव्हे.

चिकटपट्टी कातडीवर लावूं नये. वृद्धांची कातडी नाजूक असते, ती पट्टीबरोबर सोलून निघते. नडगीच्या हाडावर कापसाचा पातळ थर ठेवावा. मग मऊ, जाळीदार पट्टी बोटांच्या मुळापासून वर गुंडाळीत न्यावी व गुडघ्याच्या खालीं थांबावें. घोट्याशीं इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे वेढे घ्यावे. टांच उघडी टाकूं नये. प्रत्येक वेढ्यानें मागील वेढ्याचा अर्धा भाग झांकावा, पण ओढ देऊं नये. शेवटचें टोंक पट्टीवरच चिकटवावें. दोरा, रबर किंवा गांठ यांचा दाब एकाच जागीं पडतो, तीं टाळावीं.

बोटें नेहमीं उघडीं ठेवावीं. पट्टीपूर्वीं नख दाबून सोडावें व रंग किती वेळांत परततो तें पाहून ठेवावें. अर्ध्या तासानें, सायंकाळीं आणि निजतांना तीच परीक्षा पुन्हां करावी. सायंकाळपर्यंत पाय सुजल्यास सकाळची सैल पट्टीही आवळते. बोटें फिकट, निळीं वा थंड दिसलीं, मुंग्या आल्या किंवा वेदना वाढल्या, तर पट्टी तत्काळ सोडावी. तरीही फरक न पडल्यास विलंब न लावतां डॉक्टरांकडे जावें. रोग्यास दुखत नाहीं, एवढ्यावर मात्र विसंबूं नये.

शुभवर्तमानांतील दयाळू शोमरोनी जखमा बांधून निघून गेला नाहीं. त्यानें त्या माणसास उतारशाळेंत नेऊन त्याची काळजी घेतली. विद्यार्थिमित्रहो, आजोबांच्या पायास पट्टी बांधाल, तेव्हां निजण्यापूर्वीं दिवा घेऊन त्यांचीं बोटें एकदां अवश्य पाहा.