आयर्लंडमधली ट्राउटची तळी

रानटी ब्राउन ट्राउट म्हणजे? शास्त्रीय नाव साल्मो ट्रुटा. मत्स्यबीज केंद्रातून सोडलेला नव्हे, तर ओढ्याच्या वाळूगोट्यांत नैसर्गिकरीत्या जन्मलेला मासा. अंडी घालण्याचा काळ हिवाळ्याच्या सुरुवातीचा.

तळे पारखताना
- ओढे : थंड, स्वच्छ, वाहते पाणी आणि खडीचा तळ हवा. त्यांच्याविना रानटी वंश टिकत नाही.
- खडक : चुनखडीवरचे पाणी अल्कधर्मी. त्यात गोगलगायी, झिंगे, कीटक भरपूर. मासा झपाट्याने वाढतो. पीट मातीच्या आम्लधर्मी तळ्यांत मासे बहुधा लहान.
- खोली : उथळ भागात खाद्य जास्त. खोल पाणी उन्हाळ्यात गार राहते.

ठळक तळी
- कॉरिब : सुमारे १७६ चौ. किमी. आयर्लंड प्रजासत्ताकातले सर्वांत मोठे तळे. हंगाम १५ फेब्रुवारी ते ३० सप्टेंबर.
- मास्क : कॉरिबच्या उत्तरेला. याचे पाणी चुनखडीतल्या भूमिगत वाटांनी कॉरिबकडे जाते.
- शीलिन : मध्य आयर्लंडमध्ये. मोठ्या आकाराच्या ट्राउटसाठी ख्याती.
- मेल्विन : प्रजासत्ताक आणि उत्तर आयर्लंडच्या सीमेवर. इथे ट्राउटचे तीन वेगळे प्रकार : तळाशी गोगलगायी खाणारा गिलारू, मोकळ्या पाण्यात सूक्ष्म जलचर टिपणारा सोनाहन आणि इतर मासे खाणारा फेरॉक्स.

मेफ्लाय या कीटकाचा बहर : साधारण मे ते जूनचा आरंभ. या दिवसांत ‘डॅपिंग’ चालते. लांब काठी, हलकी दोरी, गळाला जिवंत मेफ्लाय. वाऱ्याच्या जोरावर ही मेफ्लाय पाण्यावर नाचवली जाते.

परवाना : प्रजासत्ताकात ब्राउन ट्राउटसाठी सरकारी परवाना लागत नाही, सॅमन आणि सी-ट्राउटसाठी लागतो. काही ठिकाणी स्थानिक परमिट आवश्यक.